सहल वाढवली

दिंडोशी, गोरेगाव पूर्व
८ सप्टेंबर

चि. वनमाला हिला सुगंधावहिनीचा आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात उजवा बरा होता आणि डावा रुसला होता. शेजारच्या अंजनाबाईंचा दमा कसा आहे? गणपतीत धूप-कापराचा त्रास झाला का? कपिला गाभण राहिली का? आपले नारळ पाडणारा भीमराज माडावरून घसरला असं कळलं, त्याचा खांदा बसला का? आणि तुझा कान? फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुमची रेंज खाते. म्हणून पत्राशिवाय आपलं भागत नाही. निलेश म्हणतो, "आई, आपल्या पोस्टमनची नोकरी तुमच्या दोघींमुळे टिकलीय." म्हणू दे.

आमच्याकडे सगळे बरे. निलेशची कंबर धरते अधूनमधून. सूनबाई जान्हवीला दिंडोशी कोर्टात दिवसभर टायपिंग असतं, मनगटाला पट्टा बांधून जाते बिचारी. माझा उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, महिनाअखेरीस काढायचा आहे.

आता मुख्य सांगते. सिद्धेश आपल्या दोघींना नैरोबीला बोलावतोय. त्याच्या टायरच्या कंपनीत डिसेंबरात काम कमी असतं. तेरा तारखेला मुंबईहून विमान, वीसला परत. मधे मसाई मारा म्हणून मोठं जंगल आहे, तिथे गाडीतून हिंडून सिंह, हत्ती, जिराफ बघायचे. निलेश आपल्यासोबत येतो. जान्हवीला नाताळच्या सुट्टीशिवाय हलता येत नाही, ती राहील.

मी म्हटलं, अरे माझ्या वयाला सिंह कशाला दाखवतोस, बोरिवलीला नॅशनल पार्कात बघितलाय की. तर म्हणतो, "आई, तिथे त्याला आणून ठेवलाय. इथे आपण त्याच्या घरी पाहुणे जायचं." आणि शेवटी म्हणाला, "आत्या येत नसेल तर मी गाडीच सांगत नाही." काय बोलणार? गिरणी बंद पडली तेव्हा पाच वर्षांच्या त्या पोराला आम्ही तुझ्या ओट्यावर आणून बसवलं, तो सातवी झाल्यावरच मुंबईला आला. त्याच्या तोंडात अजून आधी आत्या येते, मग मी. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरंच.

तुझा पासपोर्ट त्याने दोन वर्षांमागे करून घेतला होता तो ट्रंकेत आहे ना? उंदरांनी शिक्के मारले नाहीत ना? जाण्याआधी पिवळ्या तापाची सुई घ्यावी लागते, ती तुला वास्कोला जवळ पडेल.

हो म्हणून टाक. लवकर लिही.

तुझी
सुगंधावहिनी


कणकेचीवाडी, ता. वेंगुर्ला
२१ सप्टेंबर

ती. वहिनींना वनमालाचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरकडे? मोतीबिंदू निघाला की भांडी घासू नका, वाकून झाडू मारू नका. निलेशच्या कंबरेला तिळाचं तेल कोमट करून लावा. जान्हवीला म्हणावं, मनगटाला पट्ट्यापेक्षा रजा बांध.

इकडे अंजनाबाई ठीक. कपिला गाभण आहे. भीमराजचा खांदा बसला, जीभ मात्र थांबत नाही.

नैरोबीचं वाचून मी पत्र दोनदा घडी केलं आणि दोनदा उघडलं. वहिनी, मी कशाला? माझे गुडघे ओसरीच्या पायरीला घाबरतात. सिंहाने मला बघून काय करायचं आणि मी त्याला बघून काय करायचं? शिवाय जत्रेचं आहे. तुम्हाला माहीत आहे, देवीची पालखी गावात फिरते तेव्हा आपल्या ओट्यावर टेकते. दार उघडं लागतं, ओटी भरायला घरातली बाई लागते. या घरात आता मी एकटीच. जत्रेची तारीख देवीच्या कौलाशिवाय पडत नाही. गेली काही वर्षं जानेवारीतच पडतेय, त्यामुळे बहुतेक अडचण नाही. पण मला काय, नाही गेले तरी चालेल. सिद्धेशने बोलावलं यातच पोट भरलं.

तरी त्याचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणते.

एक विचारू? मागे तो ओसरीवर बसून सांगत होता, तिथून झांझिबार बेट जवळ आहे आणि तिथे लवंगांच्या बागाच्या बागा आहेत. खरं का ते? आपल्या परसातलं लवंगेचं झाड तुम्हाला आठवतं ना? बाबांनी लावलेलं. तीस वर्षं झाली, कौलाच्या वर गेलं, पण एक लवंग नाही. भीमराज दर वर्षी म्हणतो, "आते, ह्यां झाड तुमका काय देता? तोडूया आणि चार पोफळी लावूया." मी त्याला म्हणते, थांब रे, येतील. बाबा जाताना म्हणाले होते, लवंगा आल्या की पहिली मूठ देवीला दे. पण लवंग झाडावर दिसते कशी, ती फांदीला लागते की शेंड्याला, हेच मी कधी बघितलं नाही. उगीच विचारलं. मनावर घेऊ नका.

तुमची
वनमाला


दिंडोशी
१० ऑक्टोबर

प्रिय वनमाला,

डोळ्याचं ऑपरेशन झालं. लिहायला-वाचायला बंदी आहे, जान्हवी कोर्टात गेलेली बघून चोरून चार ओळी लिहिते, म्हणून अक्षर उड्या मारतंय.

सिद्धेशला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांनी विचार केला आणि सहल वाढवली. आधीची तिकिटं निलेशने परत केली. आता तुझ्या मनासारखं होईल. कारण विचारू नकोस, भेटल्यावर सांगेन.

जान्हवीची चप्पल वाजली. ठेवते.

सुगंधा


कणकेचीवाडी
२४ ऑक्टोबर

ती. वहिनींना नमस्कार.

डोळा आधी. पाणी येतं का? औषध कोण घालतं? तुमच्या चार ओळी वाचून मला राग आला आणि बरंही वाटलं. राग अशासाठी की डॉक्टरांनी नको सांगितलेलं तुम्ही केलंत.

सहल वाढवलीत ते बरं केलंत. मी काही बोलणार नव्हते, पण तुम्हीच ठरवलंत म्हणून माझ्या डोक्यावरचा हंडा उतरला. सिद्धेशला सांगा, आत्याला मुळीच वाईट वाटलेलं नाही. त्याने मनात आणलं हेच पुष्कळ.

इकडे देवीचा कौल झाला. जत्रा या वेळी लवकर आली, एकोणीस डिसेंबर. गावकर मंडळी विचारायला आली की दशावताराच्या मंडळींचं जेवण या वर्षी कुणाकडे? मी लगेच म्हटलं, आमच्याकडे. आता वेळच वेळ आहे, मग घरात चुलीसमोर नुसतं बसून काय करू? वीस-बावीस पानं होतील. अंजनाबाई मदतीला येतील. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. शेवटी राजाचं काम करणाऱ्याला दोन वडे जास्त लागतात, त्याला मुकुट पेलायचा असतो.

आणि लवंगेचं सांगते. भीमराजला म्हटलं, जत्रा आटोपली की झाड तोड. वर्षअखेरीला आला तरी चालेल. आता कुणाला दाखवायचं आहे आणि कुणाशी ताडून बघायचं आहे? त्याला इतका आनंद झाला की त्याने त्याच दिवशी पोफळीची रोपं सांगून ठेवली.

डोळा सांभाळा.

वनमाला


दिंडोशी
३ नोव्हेंबर

अगं वनमाला,

आज आशीर्वाद-बिशिर्वाद नंतर. तुझं पत्र जान्हवीने वाचून दाखवलं. "सहल वाढवलीत ते बरं केलंत" इथपर्यंत मी खूश. म्हटलं, बघा, माझी नणंद कशी पटकन तयार झाली! मग एकोणीस डिसेंबर आलं आणि मी म्हटलं, ही बाई एकोणीसला वडे कशी तळणार? एकोणीसला ही माझ्या शेजारी बसून जिराफ बघत असणार.

जान्हवी म्हणाली, "आत्यांनी तारीख चुकवली असेल."

निलेश जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "आई, तू कार्डावर काय लिहिलं होतंस?"

"सहल वाढवली."

"वाट लागली! आत्याला वाटलं ट्रिप कॅन्सल."

जान्हवी म्हणते, "वाढवली म्हणजे कॅन्सल कशी? वाढवली म्हणजे एक्स्टेंड ना!"

"तू मुलुंडची," निलेश म्हणाला, "तुमच्याकडे नारळ फोडतात. आमच्या गावात वाढवतात. रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात."

मला तेव्हा लख्ख आठवलं. तुझ्या भावाने इथल्या बाजारातलं किराणा दुकान कायमचं बंद केलं, तेव्हा तुला मीच लिहिलं होतं, "यांनी दुकान वाढवलं." आणि तू बरोबर समजून रडली होतीस. त्याच हाताने मी तुला हे लिहिलं. पुड्यांचे कागद वाचून अक्षरओळख पक्की केलेल्या बाईने निदान शब्दाला दोन बाजू असतात हे तरी लक्षात ठेवायचं!

तर नीट ऐक. सहल मोडलेली नाही, लांबवली आहे. तुझ्या लवंगेचं वाचून सिद्धेश म्हणाला, आत्याला जंगल दाखवून परत पाठवलं तर ती आयुष्यात परत येणार नाही, झांझिबार आत्ताच करून टाकू. म्हणून आधीची तिकिटं परत केली आणि नवी काढली. तेराला निघायचं, मसाई मारा, मग नैवाशा म्हणून तलाव आहे, पाणघोडे असतात, तो बघायचा. मग सिद्धेशच्या घरी विश्रांती. निलेशची रजा संपते म्हणून तो चोवीसला परत. आपण दोघी आणि सिद्धेश सव्वीसला झांझिबार. एकोणतीसला घरी. तुला भेटल्यावर सांगून चकित करायचं होतं, म्हणून कारण लिहिलं नाही. माझी हौस मला नडली.

आता सांग, ते जेवण दुसऱ्या कुणाकडे देता येईल का? पालखीला अंजनाबाईंना उभं करता येईल का?

पोस्टाची वाट बघतेय. डोळा उत्तम आहे, तुला शिव्या देण्याइतका.

सुगंधा


कणकेचीवाडी
१४ नोव्हेंबर

ती. वहिनींना नमस्कार.

पत्र वाचून मी परसात जाऊन बसले. अंजनाबाईंनी विचारलं, "गे, कोण गेला?" म्हटलं, कुणी गेलं नाही, मीच जायची राहिले.

वहिनी, चूक तुमची नाही. तुम्ही सरळ लिहिलं होतंत. पण माझ्या कानावर हा शब्द नेहमी मोडतानाच आला. नारळ वाढला. दुकान वाढलं. माझ्या बांगड्या वाढवल्या तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्या बायकांनी 'फोडल्या' म्हटलं नाही, 'वाढवल्या' म्हटलं, मला लागू नये म्हणून. माझ्याकडे जे वाढलं ते असं वाढलं. मग तुमचं कार्ड मी दुसरं काय म्हणून वाचणार?

आता खरं सांगते, नाहीतर झोप लागणार नाही. मला यायचं होतं. तुमचं कार्ड येण्याआधीच मी वास्कोला जाऊन सुई घेतली होती. डॉक्टरांनी वय बघून दहा प्रश्न विचारले, अकरावा हा की कुठे निघालात आजी. मी जरा मोठ्याने सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या. सावंतवाडीहून कॅनव्हासचे बूटही आणले. सवय व्हावी म्हणून अंगणात घालून फिरायचे. कपिला मला बघून दावं तोडायला निघाली. कार्ड आल्यावर बूट तांदळाच्या कणगीमागे ठेवले. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं.

पण जेवणाचा शब्द मी दिला आहे. पालखीला अंजनाबाई उभ्या राहिल्या तर त्या आपल्या घरच्या नव्हेत; आपल्या देवीला ओटी भरणारी सवाष्ण नसली तरी चालते, पण घरची लागते. आई गेली त्या वर्षी सुतक होतं, तेवढं एकदाच आपलं दार बंद होतं. पालखी फाटकापाशी थांबली आणि पुढे गेली. मी आतून बघत होते. ते मला पुन्हा बघायचं नाही.

तेव्हा तुम्ही जा. लवंगेचे फोटो आणा. माझ्या वाटचं तिकीट परत होत असेल तर बघा. आणि झाडाचं ठरलं ते ठरलं. भीमराजला आता नको म्हटलं तर म्हणेल, आते रोज मत बदलता.

तुमची
वनमाला


दिंडोशी
२२ नोव्हेंबर

चि. वनमाला,

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, कुणाला वाचू दिलं नाही. बांगड्यांचं वाचून डोळ्याला पाणी आलं. डॉक्टर म्हणाले होते पाणी येता कामा नये, पण ते डॉक्टर तुला ओळखत नाहीत.

तुझ्याकडे जे वाढलं ते मोडलंच म्हणतेस. आणि सिद्धेश? त्याला कुणी वाढवलं गं? मी? मी सहा महिन्यांनी एकदा खाऊ घेऊन येणारी पाहुणी. पाच वर्षांचा होता तेव्हापासून तू वाढवलास. तो मोडलाय का? सव्वा सहा फूट आहे, दारातून वाकून येतो. आणि एकोणीसला तू दशावतारवाल्यांना काय करणार आहेस? वाढणारच ना? मग त्या शब्दावर एवढा राग नको धरूस.

आता कामाचं. काल सिद्धेशशी बोलले. मी रडगाणं लावलं की आत्याचं राहिलं. तो म्हणाला, "आई, जत्रा एकोणीसला. झांझिबार सव्वीसला. आत्या अडकतेय ती सिंहात. लवंगेत नाही."

बघ, इतकं सरळ होतं. सहल पहिल्यासारखी वीसला संपणारी असती तर तुला काहीच मिळालं नसतं. आम्ही ती वाढवली म्हणून तिला शेपूट आलं. ते शेपूट तू धर. सिंह नाही मिळणार, पण तुला तो नकोच होता.

एकटी कशी येऊ, हे तू विचारणार. म्हणून जान्हवीला बसवून विचारलं. कोर्टाला चोवीसपासून नाताळची सुट्टी लागतेय. तिने रजेचा अर्ज लिहायला कागद काढला आणि मग स्वतःच हसली, "अहो आई, सुट्टीला रजा कशाला!" दोघी चोवीसच्या विमानाने या. तुझं तिकीट बदललं, तिचं नवं काढलं. तू बावीसला दिंडोशीला ये, इथे जान्हवी आहे. गावावरून वडे आणू नकोस, तिकडे विमानतळावर उघडून बघतात. आपल्या लवंगेचं एक पान मात्र आण. तिथल्या बागेत कुणाला तरी विचारू, हिला लवंगा का येत नाहीत.

बूट कणगीमागून काढ. कपिलाला आधी दाखव.

वहिनी


नैरोबी, सिद्धेशचं घर
२३ डिसेंबर

वनमाला,

हे पत्र सिद्धेशच्या हाती ठेवून जातेय. तू उद्या येशील तेव्हा मी विमानात असेन. आपली विमानं वर कुठेतरी एकमेकांना ओलांडून जातील, हात हलवायचा राहील.

घाबरण्यासारखं काही नाही. मसाई मारात धूळ फार, ऑपरेशनचा डोळा लाल झाला. इथल्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि म्हणाले, बेटावर ऊन आणि खारा वारा, त्यापेक्षा घरी जाऊन आपल्या डॉक्टरांना दाखवा. निलेश जातोच आहे, त्याच्यासोबत निघते. सिद्धेश पुन्हा पुन्हा विचारतोय, "आई, तुला वाईट वाटतंय?" वाटतंय थोडं. पण मी सिंह बघितला, त्याच्या दोन बायका बघितल्या. शिकार बायकाच करतात आणि आधी तो जेवतो. निलेश म्हणाला, "आई, बघ." मी म्हटलं, हे बघायला एवढ्या लांब कशाला आणलंस? हत्तीची एक म्हातारी मात्र आवडली. सगळ्या कळपाला पाण्यावर नेत होती आणि स्वतः शेवटी प्यायली.

पालखी टेकली हे निलेशच्या फोनवर कळलं. राजाने किती वडे खाल्ले?

झांझिबार माझ्या वाटचंही बघ. आणि तिथूनच लिही, घरी जाऊन नको. घरी गेलीस की तू 'सगळं ठीक' एवढंच लिहितेस.

वहिनी


झांझिबार
२७ डिसेंबर

ती. वहिनींना नमस्कार.

डोळ्याची लाली गेली का? डॉक्टरांकडे गेलात का, की उद्या-उद्या चाललंय? निलेश ऑफिसला गेला की थेंब कोण घालतं? इकडे सिद्धेश बरा आहे, जान्हवीच्या मनगटाला कोर्ट नसल्यामुळे काही झालेलं नाही. माझा डावा गुडघा विमानाच्या जिन्यावर एकदा ओरडला, मग आपण परदेशात आहोत हे समजून गप्प झाला. बूट टिकले. राजाने सात वडे खाल्ले.

हे पत्र जान्हवी फोटो काढून निलेशला पाठवणार आहे, कारण घाई आहे. ती शेवटी सांगते.

वहिनी, हे बेट म्हणजे आपलीच वाडी. माड, फणस, आंबा, पाण्याला तोच वास. मी सिद्धेशला म्हटलं, एवढे पैसे घालून तू मला कणकेचीवाडीलाच आणलंस. काल बागेत गेलो. लवंगेचं झाड दाखवलं. शेंड्याशेंड्यांना घोसच्या घोस, हिरव्या कळ्या, काहींचं टोक गुलाबी. फूल उमलायच्या आत तोडतात, मग चटईवर वाळवतात, तेव्हा ती आपल्या डब्यातली काळी लवंग होते. उमललं तर वाया. मी हात लावून बघितलं. हात लावायला परवानगी लागत नाही का, असं दोनदा विचारलं.

मग मी पोथीत ठेवून आणलेलं आपल्या झाडाचं पान काढलं. बागेतल्या म्हाताऱ्या माणसाने ते चुरगळलं, हुंगलं आणि मान हलवली. मला वाटलं, झाडाला रोग सांगतोय. तो आम्हाला बागेच्या टोकाला घेऊन गेला. तिथे आपलं झाड उभं होतं. तसंच, अगदी तेच. सालीचे तेच पापुद्रे, तीच लांबट पानं. त्याने पान तोडून माझ्या हातात दिलं आणि मी डोळे मिटले तर मी आपल्या परसात.

ते लवंगेचं नव्हतंच, वहिनी. सिद्धेशने फोनवर शोधलं. आपल्याकडे त्याला सर्वसुगंधी म्हणतात. लवंग, दालचिनी, जायफळ, सगळ्यांचा वास एका पानात. आपल्या हवेत त्याला फळ बहुतेक येतच नाही, त्याचं पानच वापरायचं असतं. बाबांना रोपवाल्याने लवंग म्हणून दिलं, बाबांनी मला लवंग म्हणून सांगितलं आणि मी तीस वर्षं त्याच्याकडे लवंग मागत बसले. आणि ते आपलं पान देतच होतं. जत्रेच्या आमटीत मी तेच घातलं होतं. अंजनाबाई कोंबडीच्या सागोतीत तेच घालतात. तुम्ही दर मे महिन्यात पिशवी भरून तेच दिंडोशीला नेता. भीमराजच्या घरचा पुलाव त्याच्याशिवाय होत नाही आणि तोच म्हणतो, ह्यां झाड तुमका काय देता!

मी खूप हसले. जान्हवीला वाटलं रडतेय. थोडं तेही होतं.

आता गावी गेले की पहिली मूठ पानांची देवीला देईन. बाबा समजून घेतील.

पण वहिनी, घाई ही आहे. भीमराज उद्याच, अठ्ठावीसला झाड तोडायला येणार आहे, मी निघताना त्याला पुन्हा बजावून आले होते. इथून फोन लावला तर परदेशी नंबर बघून तो उचलत नाही, त्याला वाटतं बँकेतून लुबाडायला करतायत. अंजनाबाईंच्या घरी रेंज नाही. तुमचा नंबर तो उचलेल. आजच करा. त्याला सरळ सांगा, झाडाला हात लावू नको, आहे तसं ठेव. पोफळींना जागा मी दाखवते. आणि काहीही झालं तरी त्याला 'झाड वाढव' म्हणू नका. तो कुऱ्हाड घेऊनच निघेल.

सांगून झालं की तसंच कागदावर लिहून निलेशला फोटो पाठवायला लावा. दोन ओळी पुरेत, पण आजच लिहा. मी बूट घालून रेंजमध्येच बसले आहे.

तुमची
वनमाला